सम्राटाच्या गालावरची चीर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

रोमन सम्राट टायबेरियसच्या ऑरियसवरचं, म्हणजे सोन्याच्या नाण्यावरचं, तुझं टिपण वाचलं. ‘चेहऱ्यावर चीर पडल्याने नाणं खराब झालंय’ हे वाक्य आधी खोड. ती चीर पडलेली नाही, पाडलेली आहे. फोटो मोठा करून बघ: घावाच्या कडेला सोनं जरा वर उचललेलं दिसेल. छिन्नीचंच काम.

1898 मध्ये तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ 501 रोमन सुवर्णनाणी एकत्र सापडली. (आकडा आहेराचा वाटतो, पण तो योगायोग.) सम्राट ऑगस्टसपासून सम्राट व्हेस्पेशियनपर्यंतची ही नाणी, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर घाव आहे, तोही बरोब्बर सम्राटाच्या डोक्यावर. नाणं चलनातून बाद करून नुसतं सोनं म्हणून वापरायचं, असा याचा अर्थ लावतात. मला तो पटतो. घावाने वजन घटत नाही. जातो तो फक्त राजाचा रुबाब.

आता मागची बाजू. खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. तू बेधडक ‘लिव्हिया’ लिहिलंस. ही बाई म्हणजे टायबेरियसची आई लिव्हिया, असं मानणारे पुष्कळ आहेत, पण नाण्यावर तिचं नाव कुठे आहे? भोवती आहे ते ‘पॉन्टिफेक्स मॅक्झिमस’, म्हणजे मुख्य पुरोहित, हे सम्राटाचं पद, तेही आखडून कोरलेलं. म्हणून आधी ‘बसलेली स्त्री’ लिही आणि लिव्हिया पुढे ‘बहुधा’ लावून. पुढच्या बाजूला ‘ऑगस्टस’ या सम्राटाच्या पदवीतला ‘यू’ ‘व्ही’सारखा दिसेल. ती कोरणाऱ्याची चूक नव्हे, त्यांची लिहिण्याची रीतच तशी.

वजन तू लिहिलंच नाहीस! ऑगस्टसच्या काळात ऑरियस साधारण 7.8 ग्रॅमचा असे, सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास तो 7.3 च्या आसपास आणला. अर्ध्या ग्रॅमचा फरक बोटांना कळत नाही, सराफाच्या काट्याला कळतो.

जाता जाता एक गंमत. एका ऑरियसचे 25 देनारियस मिळत, आणि देनारियस चांदीचा. त्याच्याच नावावरून संस्कृतात ‘दीनार’ आला, पण गुप्तकाळात तो चिकटला सोन्याच्या नाण्याला.

टिपण नव्याने लिहून पाठव. घावाची लांबी मिलिमीटरमध्ये हवी, आणि तो कपाळावरून सुरू होतो की मानेकडून, तेही.

तुझा,
काका