वेटिंगमध्ये माणसं किती मावतात?

प्रश्न : कोथरूडला तळमजल्यावरच्या गाळ्यात आम्ही दोघं डॉक्टर दवाखाना सुरू करतोय. वेटिंगला ३२० चौ. फूट कार्पेट आहे. इंटिरियरवाले म्हणतात, ३० खुर्च्या सहज बसतील. खरं का?

खुर्च्या मांडता येतील, पण कोपऱ्यात बसलेल्या आजींना उठून केबिनपर्यंत जाता येणार नाही. आधी वजाबाकी करा. रिसेप्शनचं टेबल आणि त्यापुढे उभं राहायची जागा ६० चौ. फूट, दारापासून केबिनपर्यंत १.२ मीटर रुंदीची मोकळी वाट ६०, चपला आणि पाण्याचा फिल्टर २०. उरले १८०.

२०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत दाटीने जमणाऱ्या माणसांसाठी माणशी ०.६५ चौ. मीटर, म्हणजे ७ चौ. फूट धरलेत. त्या हिशेबानेही इथे २५च माणसं होतात. शिवाय तो आकडा दारं आणि जिने किती रुंद हवेत हे ठरवण्यासाठी आहे, खुर्च्या मांडण्यासाठी नाही. पिशवी, फाइल, काठी, मांडीवर मूल अशी माणसं बसणार असतील तर माणशी १५ चौ. फूट धरा. म्हणजे १२ जण.

आता गर्दीचा हिशेब. तासाला येणारे पेशंट गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ, म्हणजे एका वेळी थांबलेले पेशंट. दोघांनी प्रत्येकी १० मिनिटं दिली तर तासाला १२ पेशंट. अर्धा तास थांबावं लागलं तर ६ पेशंट आणि त्यांच्यासोबतचे ६, असे १२. जागेत बरोबर बसतात. पण संध्याकाळी दोघंही अर्धा तास उशिरा आलात की हेच २४ होतात आणि निम्मे पायऱ्यांवर उभे राहतात. म्हणून भिंत पाडण्याआधी अपॉइंटमेंटच्या वेळा नीट लावा. सगळ्यांना सहाची वेळ देऊ नका.

समोरासमोरच्या रांगांत गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत किमान १.२ मीटर सोडा. रांगेच्या टोकाला व्हीलचेअरसाठी ९० बाय १२० सेंमी जागा रिकामी ठेवा आणि ती वळायला जवळच दीड मीटरचं वर्तुळ. दाराची निव्वळ रुंदी ९० सेंमी हवी, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराला गर्दी टेकली की ते उघडतच नाही.

सगळ्यात जास्त चुकतो तो रॅम्प. गाळ्याला १५ सेंमीच्या तीन पायऱ्या असतील तर १:१२ उताराने, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी धरून, रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, वर दारासमोर दीड मीटरची सपाट जागा वेगळीच. तो सरळ पुढे काढला तर रस्त्यावर जाईल. भिंतीला समांतर घ्या. जेमतेम दोन मीटर लांबीचा चढ बांधून त्याला रॅम्प म्हणणं व्हीलचेअरवरच्या माणसासाठी धोक्याचं आहे.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर आमची खानावळ आहे. रविवारी ४० माणसं फुटपाथवर ताटकळतात. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडलेल्या जागेत, शेड टाकून बाकं ठेवावीत का?

नको. ती मोकळी जागा आग लागली तर बंब आत यायला आणि माणसं बाहेर पडायला असते. आतच दाराजवळची दोन टेबलं कमी करा. उभ्या माणसाला माणशी ०.६५ चौ. मीटर मिळालं तर धक्का न लागता थांबता येतं, ०.२८च्या खाली गेलं की अंगाला अंग लागतं, असं अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी १९७१मध्ये मांडलं आणि आजही तीच मापं वापरतात. २० जणांना १३ चौ. मीटर, म्हणजे १४० चौ. फूट लागतील. बाकीच्यांचा फोन नंबर लिहून घ्या आणि टेबल रिकामं व्हायच्या १० मिनिटं आधी बोलवा. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, तो तुमच्या वेटिंगमध्ये धरू नका.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी आलेल्यांना एसी असूनही गुदमरतं. टनेज वाढवू का?

त्याने फक्त थंडी वाढेल. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. दाराच्या समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट लावा आणि विरुद्ध बाजूला हवा आत यायला जाळीचा झरोका ठेवा. झरोका नसेल तर पंखा नुसताच फिरतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र तासभर ठेवून बघा. बाहेर साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतं. आत १०००च्या वर गेलं तर हवा अपुरी आहे. ते मोजमाप सकाळी ८च्या गर्दीतच घ्या.