वाचकांचे प्रश्न : थायरॉइडची गोळी आणि टीएसएच

प्रश्न : वय ४८. थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चार वर्षं चालू आहे. यंदा टीएसएच ९.२ आला, फ्री टी-४ मात्र नॉर्मल, तोही वरच्या टोकाला. डोस वाढवावा लागेल का? रक्त द्यायच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉक्सिन कमी पडलं की ते वाढतं; फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन. हे दोन आकडे असे एकत्र आले, की पहिली शंका चुकलेल्या गोळ्यांची. फ्री टी-४ अलीकडच्या दिवसांचा हिशेब देतो, टीएसएच मागच्या दीड-दोन महिन्यांचा. मधे गोळ्या राहून गेल्या आणि तपासणी जवळ आली म्हणून आठवडाभर नेमाने घेतल्या, तर टी-४ सावरतो, टीएसएच मागे रेंगाळतो. शंभर गोळ्यांची बाटली कधी उघडली ते आठवा आणि उरलेल्या गोळ्या मोजा.

तपासणीच्या सकाळी गोळी घेऊन गेला असाल, तर तेही कारण असू शकतं. गोळीनंतर दोन ते चार तास फ्री टी-४ चढलेला असतो. म्हणून आधी रक्त, मग गोळी; आणि दर वेळी साधारण त्याच वेळेला.

गोळी रोज घेऊनही अंगी लागत नसेल, तर बहुतेकदा कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आड येते. थायरॉक्सिन आणि त्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. काही लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त दिसतो.

हे सगळं सुधारून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. डोस बदलला तरी एवढंच थांबायचं, कारण शरीरातलं निम्मं थायरॉक्सिन संपायलाच आठवडा लागतो. पंधरा दिवसांत केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया. टी-३ (थायरॉइडचं दुसरं संप्रेरक) तपासणंही तुम्हाला नको, पॅकेजमध्ये तो उगाच येतो.

प्रश्न : गोळी चालू असताना दिवस राहिले तर?

उत्तर : पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. गरज सुरुवातीलाच वाढते, म्हणून रिपोर्ट येण्याआधीच आठवड्याला दोन गोळ्या जास्त देण्याची पद्धत आहे. पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीइतका करतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघतात.