बँड सोडल्यावर पहिला अल्बम: जुन्या गाण्यांचा कागद आधी कर

भावा, तुझी पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग डोस्कं तापलं. बँड सोडला, आठ गाण्यांचा स्वतःचा अल्बम काढायचाय, त्यातली दोन बँडमध्ये असताना तूच लिहिलेली, आणि गिटारवाला म्हणतोय, "गाणी बँडची आहेत, एक ओळ जरी गायलास तर बघ." यात गिटारवाल्याचं नाव तेवढं बदलायचं, बाकी सगळी माझीच गोष्ट. म्हणून जरा लांबण लावतो.

माइक कुठला, मिक्सिंग कुणाकडून हे तुला मी सांगायची गरज नाही, इतकी वर्षं स्टेजवर काढलीस. थेट गाण्यांच्या हक्कावर येतो. मी वकील नाही. माझं प्रकरण निस्तरताना जे वाचावं लागलं आणि वकिलानं जे समजावलं तेवढंच सांगतोय. तू तुझ्या वकिलाला दाखवून घे.

गाणं आणि गाण्याचं रेकॉर्डिंग या कायद्यानं दोन वेगळ्या वस्तू आहेत. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल करणाऱ्याची आणि रेकॉर्डिंग ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन केलं त्याचं. तुम्ही वर्गणी काढून जे जुनं रेकॉर्डिंग केलं ते एकट्या तुझं नाही, त्याला हात लावू नकोस. त्यातला गिटारचा एक तुकडासुद्धा उचलू नकोस. पण शब्द आणि चाल तुझी असेल तर ती बँडमध्ये असतानाही तुझीच होती आणि आजही आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघ. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते कागदावर नसेल तर पाचच वर्षं, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारतापुरता. रिहर्सलनंतर मिसळ खाताना "आपलं सगळं सगळ्यांचं" असं तू बोलला असशील, पण त्यानं काही जात नाही. मात्र त्या गाण्याचा जीवच जर गिटारवाल्याचा रिफ असेल, म्हणजे गिटारचा तो परत परत येणारा तुकडा काढला तर गाणं ओळखूच येणार नाही, तर चाल दोघांची धरली जाऊ शकते. तिथं स्वतःशी खोटं बोलू नकोस. फोनवर गुणगुणून ठेवलेली पहिली रेकॉर्डिंगं शोध, त्यांची तारीख सांभाळ, वहीचे फोटो काढून ठेव.

आता हे सगळं माझ्याकडे होतं. वही होती, तारखेची रेकॉर्डिंगं होती, बेसवाल्याची आणि ड्रमरची लेखी संमती होती. तरी अल्बमचा इस्कोट झाला, तो गाणी अॅपवर पोचवणाऱ्या कंपनीमुळे. नाव घेत नाही, विचारू पण नकोस.

झालं असं. अल्बम शुक्रवारी आला. दोन दिवसांत ती दोन जुनी गाणी अॅपवर राखाडी झाली, दाबली तरी वाजेनात. आठवडा संपायच्या आत सगळा अल्बम गायब. कारण काय, तर त्याच नावाची, त्याच गीतकाराची गाणी त्यांच्याकडे आधीच दुसऱ्या खात्यात होती. ते खातं बँडचं, आणि बँडचं म्हणजे गिटारवाल्याच्या मेलवर उघडलेलं. मी लिहिलं, ही नवीन रेकॉर्डिंगं आहेत, शब्द-चाल माझी, हे पुरावे. उत्तर आलं: "प्रिय कलाकार, आधीच्या हक्कधारकाचं ना हरकत पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह जोडावं." अरे, बँडचं लेटरहेड! चार पोरं आणि एक छोटा हत्ती, कुठलं लेटरहेड? तसं कळवलं तर म्हणे मग बँडचा जीएसटी नंबर द्या किंवा भागीदारीचा करार द्या. वकिलाचं पत्र पाठवलं, त्यात कलम १९ लिहिलेलं होतं. त्यावर पुन्हा तेच उत्तर, फक्त तक्रार क्रमांक नवा आणि खाली सही करणाऱ्याचं नाव नवं. प्रत्येक वेळी पहिल्यापासून रामायण सांगायचं.

शेवटी महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबईला त्यांच्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, आत बीन बॅग, भिंतीवर मोठमोठ्या गायकांचे फोटो. रिसेप्शनवरची मुलगी भली होती, पण तिनं माझ्यासमोर टॅबलेट सरकवला आणि म्हणाली, "सर, आमचं सगळं ऑनलाइन असतं, इथं फॉर्म भरा." तोच फॉर्म. घरी बसून भरत होतो तोच. तिथंच उभ्यानं भरला, तर खिशातला फोन वाजला: तक्रार नोंदवली आहे, सात कामकाजाचे दिवस लागतील. आतल्या माणसाशी दोन मिनिटं बोलू द्या म्हटलं तर आतल्या माणसाचं नावच कुणाला सांगता येईना.

दिवाळी गेली, डिसेंबर उजाडला. कॉलेजांच्या गॅदरिंगचा हाच सीझन. संयोजक पोरं आधी लिंक मागतात, आणि माझी लिंक मेलेली. बँडला बोलावणारी कॉलेजं मला एकट्याला बोलवायला तयार होती, पण "ऐकवायला काय आहे?" या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण पहिला अल्बम एकदाच येतो की. पुढे एक दिवस काही न कळवता अल्बम परत दिसायला लागला, तोही माझ्याच नावाच्या एका भजनी बुवांच्या पानावर. त्यांचे अभंग, मध्ये माझा डिस्टॉर्शन, परत अभंग. वर प्रत्येक गाण्याला नवा आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लावलेला, त्यामुळे आधी जे काही ऐकलं गेलं होतं तो आकडा शून्यावर.

म्हणून माझं ठाम मत: स्टुडिओची तारीख घ्यायच्या आधी तुझा कागद कर. गाण्यागणिक एक पान, त्यावर शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती टक्के, आणि सगळ्यांच्या सह्या. कंपन्यांना शिक्का बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा स्टॅम्पपेपरवरच घे. २०२४च्या ऑक्टोबरपासून शंभर-दोनशेचा चालत नाही, ५०० रुपयांचा लागतो, पण घे. गिटारवाला सही देणारच नसेल तर ती दोन गाणी पहिल्या अल्बममध्ये घालूच नकोस. हक्क असला तरी नको. सहा गाण्यांचा अल्बम काढ. हे पटणार नाही, मलाही कुणी तेव्हा सांगितलं असतं तर पटलं नसतं. नवीन सहा गाण्यांनी तुझं पान तयार झालं की ती दोन मागाहून सुटी सोड, मग अडकली तरी तेवढीच अडकतील. गाणी अॅपवर पोचवणारी, म्हणजे वाटपाची कंपनी बँडची नको, दुसरी घे. खातं स्वतःच्या मेलवर. आयएसआरसी कोड वहीत लिहून ठेव. कंपनी बदलली आणि रेकॉर्डिंग तेच असलं तर कोडही तोच द्यायचा, नव्यानं रेकॉर्ड केलं तर मात्र नवाच. आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा सभासद हो. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी तिथून येते, वाटपाची कंपनी ती देत नसते.

नव्या वादकांचंही आत्ताच लिहून घे. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडनं आपला गायक ऑझी ऑस्बॉर्नला १९७९ला काढलं, १९८०ला त्याचा पहिला सोलो अल्बम आला, गाजला. पुढे बेसवाला आणि ड्रमर श्रेय-रॉयल्टीसाठी कोर्टात गेले, आणि २००२च्या आवृत्तीत त्या दोघांचं वाजवणं पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतलं! लोक भडकले. २०११ला मूळ वादन परत आणावं लागलं. एवढ्या मोठ्या माणसाचं हे, तर आपलं काय. पैसे देऊन वाजवून घेतोयस की वाटा देतोयस, ते कागदावर पाहिजे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बँडमधली गाणी गिटारच्या सोयीच्या पट्टीत असतात. मोकळ्या तारा वाजाव्यात म्हणून सगळं 'ई'मध्ये, आणि आपण वर्षानुवर्षं वर ओढून गात बसतो. आता मालक तू आहेस. तंबोऱ्याचं अॅप लाव, तुझा खर्ज आणि तुझा वरचा पंचम कुठं सहज लागतो बघ, आणि पट्टी त्यावरून ठरव. अर्धा-एक सूर खाली आलास तर मराठी शब्द किती स्वच्छ येतात बघ. मागे गिटारची भिंत नसली की 'ळ' गिळलेला लगेच कळतो.

पुणे की कोल्हापूर म्हणशील तर ड्रम पुण्यात, चांगली खोली आणि भरपूर माइक लागतात म्हणून. आवाज मात्र इथं कोल्हापुरातच घे, घाई नसते, घसा बसला तर उद्या गाता येतं. उद्यमनगरच्या बाजूला खोली घेणार असलास तर दिवसा लेथ आणि प्रेसचा आवाज येतो, रात्रीच गा. वर पत्रा असेल तर जुलै-ऑगस्ट विसर. तिथल्याच फॅब्रिकेटरकडून चौकटी करून घे, त्यात भट्टीच्या इन्सुलेशनचं रॉकवूल भर, वर जाड कापड ताण. तयार पॅनेलपेक्षा बरंच स्वस्त पडतं. रॉकवूल भरताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क घाल, फार खाजतं.

कागदाचा नमुना माझ्याकडे आहे, मराठीतच. नावं काढून टाकतो, मग मेसेजमध्ये पाठवतो. तोवर त्या दोन गाण्यांपैकी रिफवालं कुठलं आणि चालवालं कुठलं तेवढं सांग.