स्क्रीन रीडरवर कोणतं सर्च इंजिन सोयीचं पडतं?

तुम्ही लिहिलंय, नजर अधू झालीय, निपाणीत राहता, लॅपटॉपवर नुकतंच एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) घातलंय आणि सर्च कुठलं वापरावं ते कळत नाही. मी खानापूरचा. डोळ्यांचं काम कानांवर टाकून बरीच वर्षं झाली. माझं म्हणाल तर लॅपटॉपवर डकडकगोचं साधं पान आणि मोबाइलवर गूगल.

डोळस माणूस पानावर नजर टाकतो नि हवं ते उचलतो. आपल्याला ओळीनं ऐकावं लागतं. म्हणून मी एकच हिशेब ठेवतो: एंटर मारल्यावर पहिला कामाचा रिझल्ट ऐकू येईपर्यंत किती बटणं दाबावी लागली?

डकडकगोचं एक जावास्क्रिप्ट नसलेलं पान आहे. पत्त्यात डकडकगो डॉट कॉमच्या आधी ‘एचटीएमएल’ आणि टिंब टाकायचं. चित्रं, चौकटी, आपोआप हलणारं काही नाही. एच दाबलं की रिझल्टचं शीर्षक, पुन्हा एच की पुढचं. गूगलवर एच दाबलं तर मधल्या चौकटींचे मथळेही कानावर येतात. तिथं ३ दाबा. रिझल्टची शीर्षकं तिसऱ्या पातळीची असतात, बाकीचं बरंचसं गाळलं जातं. पान लांबलचक असलं तर इन्सर्ट आणि एफ७. सगळी हेडिंग आणि लिंका यादीत मिळतात.

सुरुवातीला माझी एक गंमत व्हायची. मी एच दाबतोय, दाबतोय, पुढे काहीच सरकत नाही. शेजारचा पोरगा येऊन म्हणाला, ‘काका, डब्यात नुसते एच एच एच पडलेत की!’ कर्सर शोधाच्या डब्यातच होता. तसं झालं तर इन्सर्ट आणि स्पेस दाबून ब्राउझ मोडवर या, म्हणजे बटणं अक्षरं न टाकता पानावर फिरवतात, मग एच चालतं.

मोबाइलवर मात्र गूगल, कारण मराठीत बोलून शोधता येतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी बहुतेक वेळा समजून घेतं. टॉकबॅकमध्ये, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलच्या स्क्रीन रीडरमध्ये, वाचण्याचा प्रकार ‘हेडिंग’ ठेवा आणि बोट वर-खाली सरकवा.

आता आपल्या भागातली अडचण. गावाचं नाव दोन्ही तऱ्हेनं शोधा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, पण मराठी पेपर बेळगावच लिहितात. एकच नाव टाकलं की निम्मं हाती लागत नाही. कन्नड पानं पुढे येत असतील तर शोधशब्दात ‘मराठी’ जोडा. कन्नड कळत असलं तरी वाचणारा आवाज मराठीचा असला की ऐकायला नको वाटतं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण फुकट, आणि वेग वाढवला तरी अडखळत नाही.

आज ‘निपाणी बेळगाव बस’ दोन्हीकडे शोधून बघा आणि बटणं मोजा. पाचाच्या वर गेली तर कुठे अडलं ते इथंच लिहा, बघू.