ते वाचून दाखवणं बंद का केलंत?

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. कधी तहान लागते, कधी पेन्सिलीला टोक काढायचं असतं. वर्गातल्या बाई म्हणतात, ‘लक्षच नसतं, एडीएचडी आहे का ते तपासून घ्या.’ नवऱ्याच्या मते हा निव्वळ आळस. विज्ञानाचा, इतिहासाचा धडा मी वाचून दाखवला तर सगळी उत्तरं देतो, पण आयत्यावर बसायची सवय नको म्हणून ते मी बंद केलं. आता रोज आरडाओरडा होतो. काय करू?

उत्तर: ताई, चुळबुळीवर तुम्ही चार वाक्यं खर्च केलीत आणि कामाची गोष्ट जाता जाता सांगून टाकलीत. वाचून दाखवलं की सगळी उत्तरं येतात! म्हणजे कानावाटे आलेलं पोचतं, छापलेलं अडतं. आणि नेमकी तीच वाट तुम्ही बंद केलीत. मला तुमचा रागच आला.

एडीएचडीत अडचण असते ती लक्ष हवं तिथे वळवण्याची, टिकवण्याची, आवेग आवरण्याची. मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेल्या यंत्रणेचं हे काम. म्हणून ती फक्त पुस्तकापुरती नसते. कंटाळवाणं काही ऐकतानाही असं मूल भरकटतं. निदानासाठीही लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि बाराव्या वर्षाआधीच सुरू झालेली असावी लागतात. छापलेलंच अडण्याचं दुसरं कारण डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, असू शकतं. त्यात अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड चटकन बसत नाही. वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा भाग वेगळ्या तऱ्हेने काम करतो. डोळे ठीक, बुद्धी ठीक, पण एकेक शब्द फोडण्यातच सगळी शक्ती जाते. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. अशा वेळी तुम्हाला-मलाही तहान लागेल.

तो मोठ्याने वाचत असताना शेजारी बसा. जोडाक्षरापाशी थबकतो का? पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द ठोकून देतो का? काना-मात्रा गाळतो का? अडला की ‘नीट बघ’ म्हणा. लक्ष उडाल्यामुळे झालेली चूक बहुतेकदा तेवढ्याने सुधारते. नीट बघूनही तिथेच अडत असेल, तर दुखणं वेगळं आहे. पत्रावरून निदान मी करणार नाही, आणि बाईंनीही वर्गात बसून करू नये. एडीएचडी आणि डिस्लेक्सिया एकत्र असणंही अजिबात दुर्मीळ नाही, त्यामुळे बाई साफ चुकल्यात असंही नाही. पण फक्त लक्षाची तपासणी करून आलात तर अर्धं काम राहील. एडीएचडीच्या गोळीने लक्ष स्थिरावू शकतं, पण ती वाचायला शिकवत नाही. ते आवाज-अक्षरांच्या नेटाने केलेल्या सरावानेच येतं, आणि तो सराव करून घेणारे विशेष शिक्षक असतात.

तेव्हा या आठवड्यात अध्ययन अक्षमता तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची वेळ घ्या. वाचनाची चाचणी लक्षाच्या चाचणीइतकीच बारकाईने करा, असं स्पष्ट सांगा. आत गेल्यावर चुळबुळीचं पुराण नंतर. ‘वाचून दाखवलं की येतं’ हे पहिलं वाक्य.

आणि आज रात्रीपासून धडा पुन्हा वाचून दाखवा. तुम्ही दमलात तर आळसाचं निदान करणाऱ्या नवऱ्याला बसवा.