ठाण्याहून एका दिवसात जगातील संस्कृतींचे संग्रहालय पाहायचे असेल, तर दिवस कसा आखावा?

सातवीतल्या मुलीला जगातील प्राचीन संस्कृतींची ओळख होईल असे एखादे संग्रहालय ठाण्याहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पाहून होईल का, असे आपण विचारले आहे. मीही ठाणेकर आहे आणि माझे उत्तर निःशंकपणे होकारार्थी आहे: काळा घोडा येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. मात्र सगळी दालने एकाच दिवसात संपवण्याचा आग्रह धरू नये. तीन-चार दालने निवडावीत आणि ‘ही वस्तू मुंबईत कशी आली असेल?’ हा प्रश्न मुलीपुढे वारंवार ठेवावा, कारण या शहराचे जगाशी असलेले जुने नाते त्यातूनच उलगडत जाते.

सर्वांत जास्त वेळ असिरिया या पश्चिम आशियातील प्राचीन साम्राज्याच्या शिल्पपटांना द्यावा, असे मला मनापासून वाटते. हे शिल्पपट आजच्या इराकमधील निमरूद येथल्या राजवाड्यांचे आहेत. तेथे इ.स.पू. 883 ते 859 या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या अशुरनासिरपाल राजाने आपल्या राजवाड्याच्या भिंती अशा कोरीव शिळांनी मढवल्या होत्या आणि त्यांवर आपल्या पराक्रमाचा एकच ठरावीक मजकूर कीलाक्षरांत, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या प्राचीन लिपीत, पुनःपुन्हा कोरवून घेतला होता. ऑस्टन हेन्री लेयर्ड यांनी 1845 पासून तेथे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या शिळा तराफ्यांवरून टायग्रिस नदीमार्गे बसऱ्याला आणि तेथून जहाजाने मुंबईमार्गे इंग्लंडला जात असत. पुढे 2015 मध्ये आयसिसने निमरूदचा राजवाडा स्फोटकांनी उद्ध्वस्त केला. हे मुलीला त्या शिळेसमोर उभे राहूनच सांगावे. जे मूळ जागी उरले नाही त्याचा एक अंश आपण लोकलने जाऊन पाहू शकतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यानंतर सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपाच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती पाहाव्यात. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता, एवढे सांगितले की त्या येथे का आहेत हे मुलीच्या आपोआप लक्षात येईल. चीन आणि जपानच्या कलावस्तूंमागे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे खासगी संग्रह आहेत. त्यांतील जेड या मौल्यवान दगडातले बारीक काम लहान मुलांनाही खिळवून ठेवते. शस्त्रांचे दालन धावते पाहिले तरी चालेल.

वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी उभारलेली संग्रहालयाची इमारतही बाहेरून सावकाश पाहण्याजोगी आहे. 1914 मध्ये ती बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी रुग्णालय होते आणि संग्रहालय लोकांसाठी 1922 मध्ये खुले झाले.

जाण्यासाठी शक्यतो रविवार टाळावा, कारण मेगाब्लॉकमुळे येण्याजाण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. ठाण्याहून जलद लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून बस किंवा टॅक्सी करावी आणि दार उघडण्याच्या सुमारास पोहोचावे, कारण दुपारनंतर शाळांच्या सहली असल्या तर दालनांत गर्दी होते. जेवणानंतर मुलीला कंटाळा आला, तर आवारातील मुलांच्या संग्रहालयात तिला थोडा वेळ रमू द्यावे. शेजारच्या जहांगीर कलादालनात वेळ उरला तरच जावे. त्यासाठी नेपाळ आणि तिबेटच्या मूर्तींचे दालन मात्र सोडू नये.