आजींना आधी घरी आणा

पत्र : मुलगी ऐरोलीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही वर्तकनगरला राहतो. पहिल्या सेमला तिचा पॉइंटर (दहापैकी सरासरी गुण) ९.४ होता, तिसऱ्या सेमला ८.३ वर आला. तेव्हापासून ती दिवसाचे बारा-चौदा तास पुस्तकात असते. रात्री दोनला झोपते, पाचला उठते. एकच धडा तीन-तीनदा फेअर करते, एक ओळ खोडली तर पान फाडून पुन्हा लिहिते. आणि वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मात्र काही म्हणजे काही आठवत नाही. हल्ली सकाळी ठाणे स्टेशनवर पनवेल गाडी समोर लागते आणि ती चढत नाही. छातीत धडधडतं म्हणते. दोन-दोन गाड्या सोडते, म्हणून आता तिचे बाबा स्कूटरवर सोडतात. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल आहे. आम्ही तिला अभ्यासावरून एका शब्दाने बोलत नाही. उलट बारावीपासून घरात टीव्ही बंद आहे, मे महिन्यात गावी जात नाही. सासूबाईंच्या रेडिओचा त्रास नको म्हणून त्यांना वर्षभर डोंबिवलीला दिरांकडे ठेवलंय. एकाग्रता वाढायला काय करावं? हे बर्नआउट म्हणतात तेच आहे का? आणि गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास आत्ताच लावावा का?
— एक आई, ठाणे

ताई, गेटचं आधी मिटवते. तिसऱ्या वर्षाला गेल्यावर ही परीक्षा देता येते, कितीही वेळा देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. दुसऱ्या वर्षात क्लास लावायची काही गरज नाही. लावू नका.

आता रेडिओकडे येते. तुमचं पत्र वाचताना मी पॉइंटरपाशी थांबले नाही, तिथे थांबले.

तुम्ही तिला एका शब्दाने बोलत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुमच्या घरात बोलायची गरजच उरलेली नाही. ती पाणी प्यायला बाहेर येते तेव्हा हॉलमध्ये टीव्ही बंद असतो. बाबा मॅच बघत असलेच तर कानात हेडफोन घालून. तुम्ही स्वयंपाकघरात भांडंसुद्धा दबकत ठेवत असाल. आजींची कॉट रिकामी आहे. हे सगळं कोणासाठी चाललंय ते तिला कोणी सांगावं लागत नाही. त्याची परतफेड करायला तिच्या हातात एकच गोष्ट आहे, पॉइंटर, आणि तो घसरलाय. रागावणाऱ्या बापाशी मुलगी भांडू शकते, दार आपटू शकते. जे आईवडील काही मागतच नाहीत त्यांच्याशी भांडायचं कसं? मला काही वर्षांपासून दटावणारे पालक कमी आणि ‘आम्ही काहीच म्हणत नाही’ म्हणणारे जास्त भेटतात, आणि स्पष्टच सांगते, या दुसऱ्या घरांतली मुलं जास्त वाकलेली असतात.

एक विचारते. सासूबाईंना डोंबिवलीला पाठवायचं ठरलं तेव्हा मुलीला विचारलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही. सासूबाईंना विचारलं होतं का, तोही नाही. घरातली सगळ्यांत मोठी व्यक्ती आपल्या सेमिस्टरपायी घराबाहेर पडली, हे डोक्यात ठेवून एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने मॅथ्स-थ्री करायचं? मी तिच्या जागी असते तर मीही पानं फाडली असती.

तुम्ही हे प्रेमापोटी केलंत, यात शंका नाही. पण ते थांबवा, आणि या आठवड्यात थांबवा. आजींना घरी आणा, रेडिओसकट. घरात आवाज होतोय हे तिला पुन्हा कळू दे. फक्त आणताना ‘तुझ्यावरचं दडपण कमी व्हावं म्हणून आणलंय’ असं चुकूनही म्हणू नका, नाहीतर तोही तिच्या खात्यावर आणखी एक उपकार जमा होईल. त्यांचं घर आहे, त्या आल्या, एवढंच.

तुमच्या पत्राच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती तुमच्या एकट्यांची नाही, अभ्यासिकांमधून ती रोज नव्याने रुजते : जास्त तास म्हणजे जास्त अभ्यास, आणि तास कमी झाले की ती आणखी घसरणार. प्रत्यक्षात तुमच्या मुलीच्या बाबतीत तासच तिला घसरवताहेत. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसवायचं काम मेंदू मोठ्या प्रमाणावर झोपेत करतो. ती रात्री तीन तास झोपते, म्हणजे पेरलेलं रुजायच्या आत उपटते. दुसरं, फेअर करणं. तेच पान तिसऱ्यांदा लिहिताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर पुस्तक मिटणारे पुढे गेले. वायव्हात नेमकं हेच होतं : समोर पान नसतं, बाहेरून आलेले परीक्षक असतात. तिने पान बघून लिहायचा सराव तीनदा केलाय, न बघता बोलायचा एकदाही नाही. त्यात भीतीने छाती धडधडत असेल तर येत असलेलंही ओठांवर येत नाही. मेहनत कमी पडतेय म्हणून हे होत नाहीये, आणि म्हणूनच मेहनत वाढवून ते सुटणारही नाही.

मात्र हे वाचून तिच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायला जाऊ नका. ती आणखी घाबरेल. झोपेपासून सुरुवात करा, कारण तिला ते पटवून देणं सगळ्यांत सोपं आहे. मध्यरात्रीच्या आत दिवा बंद, आणि संध्याकाळनंतर कॉफी नाही, तिचा अंमल तासन् तास राहतो.

बर्नआउटचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात तो शब्द आहे, पण कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडलेला, आणि आजार म्हणून नाही. तेव्हा त्या शब्दात अडकू नका. स्टेशनवरची धडधड, तीन तासांची झोप, एक ओळ खोडली म्हणून फाडलेलं पान, हे सगळं एकत्र आलं की ते काम माझं राहत नाही, क्लासवाल्यांचं तर नाहीच. ते मानसोपचारतज्ज्ञांचं आहे. मी निदान करणार नाही. पण ईसीजी नॉर्मल आला म्हणजे मुलीला काही झालेलं नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका. धडधड खरी आहे. तिचं कारण हृदयात सापडलं नाही, एवढंच त्या कागदाने सांगितलं. चिंतेच्या आजारांवर चांगले उपचार आहेत आणि अशा वयाची असंख्य मुलं त्यातून नीट बाहेर येतात.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण पुढची ओळ मला ऐकू येतेय : ‘लोक काय म्हणतील?’ ठाण्यात राहून तर हे जास्तच. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने आपल्या गावावर केलाय. तो ज्याच्यावरून आला त्या, १९०१ पासूनच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही चालतो आणि तिथे रोज नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी येऊन औषधं घेऊन कामाला जातात. तिथे जायचं नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आहेत. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कॉलेजला, नातेवाइकांना, उद्याच्या स्थळाला आपोआप काही कळत नाही. कॉलेजात समुपदेशक आहेत का तेही तिला विचारायला सांगा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक नेमावा असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. आणि हो, मुलगी सज्ञान आहे. केबिनमध्ये ती एकटी जाईल, तुम्ही बाहेर बाकावर बसाल. आत काय झालं ते तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल.

या सगळ्याला ‘सेम झाल्यावर बघू’ असं होऊ देऊ नका. आणि ती कधी ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलली, तर सरळ विचारा, मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर काहीही येवो, त्या दिवशी तिला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

स्कूटरबद्दल थोडं. बाबांची तगमग कळते, पण भीतीपोटी सोडलेली प्रत्येक गाडी पुढच्या गाडीची भीती वाढवते. सोडली की लगेच बरं वाटतं, म्हणूनच ती सोडायची सवय लागते. घाईने तिला डब्यात ढकलायचंही नाही. थेरपिस्ट हे पायरी-पायरीने करून घेतात : आधी नुसतं फलाटावर उभं राहणं, मग गर्दी नसताना पुढच्या स्टेशनपर्यंत जाऊन येणं. तोवर स्कूटर चालेल, पण त्याची कायमची सोय करू नका. तसंच ती पेपर देऊन आली की ‘हे बरोबर ना गं?’ म्हणून दहा वेळा विचारत असेल. असल्या मुली विचारतात. दहा वेळा ‘हो’ म्हणू नका. एकदा म्हणा आणि चहा टाका.

राहिला पॉइंटर. बऱ्याच कंपन्या प्लेसमेंटला एक किमान आकडा आणि ‘लाइव्ह केटी नको’, म्हणजे नापास झालेला विषय सुटायचा राहिलेला नको, एवढं चाळून घेतात. त्या चाळणीतून ८.३ आणि ९.४ बहुतेक वेळा सारखेच पार होतात. पुढे मुलाखतीत तिला बोलता येतं का, केलेला प्रोजेक्ट समजावता येतो का, हे बघतात, आणि आज तिचं नेमकं तेच अडकलंय. या सेमला पॉइंटर आणखी खाली आला, अगदी एखादी केटी लागली, तरी वर्ष गेलं असं होत नाही. केटीचा फॉर्म भरतात, पेपर पुन्हा देतात, सुटतो. तुमच्याच बिल्डिंगमधले किमान दोन इंजिनीअर केटी सोडवून नोकरीला लागलेले असतील, विचारून बघा. सांगायला लाजतील, पण सांगतील.

हे उत्तर तिला वाचायला द्या. देऊन मग ती काय म्हणते ते ऐकायला समोर बसून राहू नका. तुम्ही दोघं त्या वेळात डोंबिवलीला जाऊन या, आजींचं सामान बांधायला वेळ लागेल.